नीपा कुठंय?

शिरीषने टेपचं टोक हुसैनमियाँच्या हाती दिलं आणि तो उलट्या पावलांनी दुसऱ्या खांबाकडे निघाला. खांबापासून खांबापर्यंत चोवीस मीटर. त्यात दोन बोटांचा फरकही त्याला चालणार नव्हता. पुण्यात असताना तो ज्युनिअर गटात राज्यापर्यंत खेळला होता. नंतरची बावीस वर्षं ओमानात दुसऱ्यांच्या इमारतींची मापं काढण्यात गेली, तरी खो-खोचं मैदान त्याला झोपेतही आखता आलं असतं.

"साहेब, खांब सरळ हाय का बघा," हुसैनमियाँनी तिकडून ओरडून विचारलं.

हुसैनमियाँ मूळचे हर्णैचे. मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारात, एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, परवान्यावर त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. ओमानात खो-खोचे खांब काही विकत मिळत नाहीत, तेव्हा शिरीषने कागदावर चित्र काढून दिलं आणि त्यांनी दोन दिवसांत रंधा मारून, कडा गोल करून खांब हजर केले होते. शिवाय आज चहाचं टेबलही तेच सांभाळणार होते, कारण लग्न असो की मयत, हुसैनमियाँ असले की चहा त्यांच्याकडेच जातो.

"सरळ आहे. तुमच्या अर्बाबने विचारलं नाही, कसले खांब म्हणून?"

"इचारलं ना. मी म्हटलं, खो-खो. तर म्हनतो, मग हितं काय करतोस? दवाखान्यात जा."

शिरीष हसला आणि चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन मध्यपाटी आखायला वाकला. जानेवारीतला शुक्रवार होता, ऊन अजून अंगाला बरं वाटण्याइतकंच होतं, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी सगळं आटपायचं होतं. जमीन कडक. कॉलेजच्या पोरींनी दोन संध्याकाळी वाकून वाकून खडे वेचले होते म्हणून निदान गुडघे फुटणार नव्हते.

शिरीषच्या मुलीच्या, देविकाच्या, इंजिनीअरिंग कॉलेजात मुलामुलींचा 'रफीक' नावाचा एक गट होता. रफीक म्हणजे दोस्त. पण इथे ही हाक बहुतेकदा आपल्याकडच्या मजुराला मारली जाते, आणि ती ऐकणाऱ्याला दरवेळी गोड लागतेच असं नाही. पोरांनी तोच शब्द उचलून अभिमानाने टी-शर्टवर छापला होता. गटात निम्मे ओमानी, निम्मे आपल्याकडचे. दरवर्षी ते कुठल्या तरी चांगल्या कामासाठी सामने भरवत. यंदाचे सामने मधुमेह असलेल्या लहान मुलांसाठी होते. बोट न टोचता साखर सांगणारे, दंडाला चिकटवायचे सेन्सर ज्या घरांना परवडत नाहीत, त्यांच्यापर्यंत ते पोचावेत म्हणून. तिकिटांचं काम एका परवानाधारक संस्थेची माणसं स्वतः बघत होती, कारण या देशात कुणीही उठून वर्गणी मागायची सोय नाही. क्रिकेट सोडून यंदा खो-खो, हा हट्ट देविकाचा. आजार कोणता हेही तिनेच सुचवलं होतं, आणि ते शिरीषला अजिबात रुचलं नव्हतं.

"अंकल!" देविकाच्या संघाची कर्णधार सना धावत आली. इब्रा गावची ओमानी मुलगी, डोक्याला घट्ट बांधलेला काळा स्कार्फ, पायात हिरवेगार बूट. "फर्स्ट हँड, देन खो? ऑर फर्स्ट खो, देन हँड?"

"टुगेदर," शिरीष म्हणाला. त्याने एका मुलीला चौकोनात बसवलं, मागून जाऊन तिच्या पाठीला हात लावला आणि त्याच क्षणी खणखणीत ओरडला, "खो!" मुलगी दचकून उठली. "हात लागला, शब्द नाही, तर फाउल. शब्द आला, हात नाही, तरी फाउल. दोन्ही एकदम. समझा?"

"समझा, समझा. खलास," सना म्हणाली आणि वळून बाकाकडे बघत तिने विचारलं, "वेअर इज नीपा?"

हे नाव शिरीष आठवडाभर ऐकत होता. सरावाला आला की कुणी ना कुणी विचारायचंच, नीपा आली का, नीपा आणली का, नीपा कोणाकडे आहे. बंगाली असेल, नाहीतर गुजराती, असा त्याने अंदाज बांधला होता. पण आज त्याच्या हातात खेळाडूंची यादी होती, आणि पंच म्हणून उभा राहणारा माणूस यादीच्या बाबतीत ढिलाई करत नसतो. त्याने ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

"देविका, अगं बारा नावं आहेत. यात नीपा कुठंय?"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सनाने तोंडावर हात दाबला आणि बाकीच्यांना हसू आवरेना.

"ती खेळत नाही, बाबा," देविका म्हणाली. तीही हसत होती, पण त्याच्याकडे न बघता. "ती फक्त बाकावर बसते."

"मग राखीव म्हणून नाव तरी लिहा तिचं."

यावर तर दोघीतिघी चक्क खाली बसल्या. हल्लीच्या पोरींना कशाचं हसू येईल सांगता येत नाही, असं म्हणून शिरीष पुन्हा चुन्याकडे वळला.

देविकाने पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला होता. बाकीच्या सगळ्या आपल्याकडच्या पोरी अर्ध्या बाह्यांत होत्या. ओमानी मुलींच्या पूर्ण बाह्यांत तिची बाही खपून जात होती, आणि शिरीषला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटत होतं.

देविकाला मधुमेह झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सुट्टीत पुण्याला गेलेली पोरगी माठच्या माठ रिकामे करायला लागली, कपडे अंगावर लोंबायला लागले, आणि डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की आता इन्शुलीन, रोज, जन्मभर. ते शिरीषने आणि त्याच्या बायकोने, नयनाने, पचवलं. पचलं नाही ते पुढचंच. मस्कतला परतल्यावर इमारतीतल्या एका मैत्रिणीचा वाढदिवस आला, खालून गाण्यांचा आवाज येत राहिला, आणि देविका नवा फ्रॉक घालून दारात उभी राहिली. बोलावणं आलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई लिफ्टमध्ये नयनाला म्हणाली, "तिला केक चालत नाही ना, उगाच वाईट वाटेल म्हणून नाही बोलावलं." बाई मनाने वाईट नव्हती, आणि म्हणूनच शिरीषला कुणावर रागावताही आलं नाही. त्या रात्री त्याने घरात नियम केला: आजपासून हे कुणालाही सांगायचं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सीबमध्ये घर घेतलं, शाळा बदलली, ओळखी बदलल्या, नियम तेवढा राहिला.

नियम आला की त्याची भाषाही येते. चारचौघांत देविकाला "साखर तपासलीस का?" असं विचारता येईना, म्हणून नयना विचारायची, "पाणी प्यायलं का?" देविका म्हणायची "हो" किंवा "पिते". साखर उतरायला लागली, हात थरथरायला लागले, की ती म्हणायची, "मला पाणी हवंय." मग शिरीष शर्टाच्या वरच्या खिशातून ग्लुकोजच्या दोन गोळ्या काढून कुणाला दिसणार नाही अशा बेताने तिच्या मुठीत सरकवायचा. अकरा वर्षांत त्याने खिसा नसलेला शर्ट विकत घेतला नव्हता. शब्द न बोलता हात पुढे करायचा, यात तो इतका तरबेज झाला होता की जादूगारानेही त्याच्याकडे शिकवणी लावावी.

आणि अशा घरातली मुलगी आज उद्घाटनाला दोन मिनिटं बोलू का म्हणून विचारत होती. काय बोलणार, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. सकाळी गाडीत तिने आठवण केली तेव्हा तो म्हणाला, "बघू."

"बघू म्हणजे नाही," देविका म्हणाली. "मला माहितीये."

"अगं, रफीकची पोरं चांगली आहेत. पण बातमीला पाय फुटतात. उद्या तुझ्या नोकरीचं बघायचंय, लग्नाचं…"

"बाबा, तिथे आज वीस लहान मुलं येणारेत. सगळ्यांच्या दंडावर सेन्सर. आणि मी बाही ओढून त्यांच्यासमोर धावणार."

शिरीषने गाडीचा एसी उगाचच एक घर वाढवला.

मागच्या सीटवर नयना कार्यक्रमाचा कागद घेऊन बसली होती, कारण माइकवर ती बोलणार होती. मराठी मंडळाच्या गणपतीपासून कोजागरीपर्यंत सगळीकडे माइक तिचाच. तिने कागदावरून मान वर केली नाही. "गंमत आहे," ती म्हणाली. "अख्खं तरुणपण खो देण्यात गेलं, आणि आता आपल्याच पोरीला खो घालतोय."

मैदानावर पोचल्यावर त्याने गाडीतच शर्ट काढून पंचाचा पांढरा टी-शर्ट चढवला. शर्ट हँगरला लावला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि टेप घेऊन खाली उतरला. नयनाने देविकाच्या नावापुढची दोन मिनिटं पेनाने खोडली होती. खोडताना तिने कागद त्याच्यासमोर धरला होता, म्हणजे त्याने नीट बघावं.

साडेनऊला कापडी मांडवाखाली मुलं येऊन बसली. कुणी आईच्या मांडीवर, कुणी सतरंजीवर. ओमानी, मल्याळी, दोन सुदानी भाऊ, एक आपल्याकडची चिमुरडी. शिरीष शक्यतो तिकडे बघत नव्हता. तरी गुलाबी फ्रॉकमधली एक सात-आठ वर्षांची ओमानी मुलगी त्याच्या नजरेत भरलीच. तिच्या दंडावरच्या गोल सेन्सरवर तिने चमचमणारी चांदणी चिकटवली होती, आणि बाकीच्यांची आपल्यासारखी आहे की नाही, हे ती एकेकाचा दंड धरून तपासत होती.

सामना सुरू झाला. देविकाचा संघ पाठलागावर होता. समोर दुसऱ्या कॉलेजच्या मुली, पळायला चपळ, पण खो-खो महिनाभरापूर्वीच शिकलेल्या. नयना माइकवर एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळून सांगत होती. ओमानी मंडळींना खेळ कळत नव्हता, पण "खो!" ओरडलेलं कळत होतं, आणि तिसऱ्या मिनिटाला अख्खा मांडव प्रत्येक 'खो'मध्ये सूर मिसळायला लागला. आपल्या तरुणपणाचा तो एक अक्षरी शब्द इतक्या दुरून, इतक्या वेगवेगळ्या तोंडांतून ऐकताना शिरीषही ओठांतल्या ओठांत खो म्हणत होता. देविकाने सूर मारून एक गडी बाद केला तेव्हा तो पंच आहे हे विसरून जवळजवळ टाळी वाजवणार होता.

पाचव्या मिनिटाला देविकाने एका मुलीच्या पाठीला हात लावला, पण आवाज निघाला नाही.

फाउल. शिट्टी त्याच्या ओठांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली, कारण त्याने तिचा चेहरा पाहिला. देविका त्या मुलीच्या जागी चौकोनात बसली होती. वरच्या ओठावर घाम, आणि नजर कुठेच लागलेली नाही. जानेवारीत, झुळूक वाहत असताना घाम. हे त्याला जगातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं वाचता येत होतं. सनाने मागून येऊन तिला खो दिला, हात आणि शब्द दोन्ही, अगदी शिकवल्याप्रमाणे, पण देविका उठली नाही. तिने फक्त बाकाच्या दिशेने हात वर केला आणि ओठ हलवले. लगेच बाकावरची एक मुलगी निळी बाटली घेऊन धावत सुटली.

पाण्याची बाटली.

शिरीषचा हात छातीकडे गेला. तिथे गुळगुळीत कापड होतं. गोळ्या गाडीत, शर्टाच्या खिशात, मैदानाच्या त्या टोकाला. आणि इकडे पोरीने पाणी मागितलं आणि बिचाऱ्या मैत्रिणी पाणीच घेऊन निघाल्या, कारण अकरा वर्षं आपण तिला तोच एक शब्द शिकवला, आणि त्याचा अर्थ जगात तीनच माणसांना ठाऊक आहे. हे सगळं त्याला एका श्वासात कळलं. त्याने कर्कश्श शिट्टी मारली.

"पाणी नको!" तो धावता धावता ओरडला. "पाणी नको देऊ तिला! साखर! साखर द्या!" पोरींनी वळून पाहिलं तशी त्याला आठवलं की निम्म्यांना मराठी येत नाही. "शक्कर! शुगर!" आणि मग मांडवाकडे वळून, हात उंच करून, जिवाच्या आकांताने, "सुक्कर! सुक्कर!"

अरबीत सुक्कर म्हणजे साखर, आणि बोलताना मधुमेहालाही सुक्करच म्हणतात. त्यामुळे ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांना तर अधिकच नेमकं कळलं. मंडळाच्या बायका उभ्या राहिल्या. माइकमधून नयनाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

सगळ्यांत आधी हलले ते हुसैनमियाँ. चहाच्या टेबलावरचा साखरेचा डबा पोटाशी धरून, साठी उलटलेला तो माणूस असा धावत आला की मध्यपाटीची रेघ पुसली गेली. "किती चमचे? साहेब, किती चमचे?"

तोवर देविका निम्मी बाटली संपवून बसली होती. शिरीषने गुडघे टेकून ती तिच्या हातातून ओढून घेतली. "अगं पाणी काय पितेस…" आणि तो थांबला. बाटलीला सफरचंदाचा वास येत होता. त्याने नाकाजवळ धरून पुन्हा हुंगलं. रस होता, दाट आणि गोड.

"इट्स ओके, अंकल," सना हळूच म्हणाली. "इट्स नीपा."

तिने बाटली त्याच्या हातात फिरवली. निळ्या स्टीलवर काळ्या मार्करने मोठ्या, वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलेलं होतं: णीपा. शिरोरेघ उजवीकडून सुरू होऊन डावीकडे जाता जाता वर चढली होती.

"सनाने विचारलं, तुझी आई फोनवर सारखं काय विचारते," देविका म्हणाली. आवाज अजून बारीक होता, पण डोळ्यांत ओळख परत आली होती. "मी सांगितलं, पाणी. मग म्हणाली, लिहायला शिकव. मी म्हटलं, आधी पा, मग णी. तिने अरबीच्या सवयीने आधी पा उजवीकडे लिहिला आणि मग णी त्याच्या पुढे. म्हणजे डावीकडे." तिने ओठ पुसले. "मग सगळे तेच वाचायला लागले, फक्त ण ऐवजी न."

"कधीपासून?"

"फर्स्ट सेमिस्टर. मी लॅबमध्ये पडले होते एकदा."

पडले होते. शिरीषला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन वर्षं. दोन वर्षं ही पोरं आळीपाळीने रसाची बाटली सांभाळत होती, आणि बघणाऱ्याला पाणी वाटावं म्हणून ती निळ्या स्टीलची निवडली होती. तो ज्यांच्यापासून गुपित राखत होता, ती पोरं ते गुपित त्याच्यासाठी राखत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबा, कुणालाच सांगायचं नाही, असं तूच ठरवलं होतंस ना," देविका म्हणाली. तिने खोचून म्हटलं नव्हतं, तिला खरंच तसं वाटलं होतं. "म्हणून तुलाही नाही सांगितलं."

शिरीषने बाटली पुन्हा तिच्या हातात दिली. शेजारी हुसैनमियाँ डब्याचं झाकण उघडून अजून चमच्यांच्या हुकमाची वाट बघत होते. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या, मियाँ. मिळाली तिला साखर."

"अल्ला," हुसैनमियाँ म्हणाले आणि तिथेच मट्‌कन बसले.

एवढ्यात माइक खरखरला. शिरीषने वळून पाहिलं. नयना टेबलापाशी उभी होती, एका हातात कार्यक्रमाचा कागद, दुसऱ्या हातात माइक. ती आता "पाणी प्यायलं का" विचारणार, आणि झाकपाक करणार, असं त्याला वाटलं. नयनाने माइक तोंडाशी नेला.

"देविका," दोन्ही भोंग्यांतून आवाज आला. "साखर किती आहे गं?"

देविकाने एकदा बापाकडे पाहिलं. मग डाव्या हाताची बाही धरून थेट खांद्यापर्यंत वर ओढली. वर्षानुवर्षं उन्हाला पारखा झालेला तो दंड, आणि त्यावरची पांढरी गोल चकती. सनाने तिचा फोन आणून दिला तो तिने चकतीपाशी नेला.

"तीन पॉइंट दोन!"

शिरीषने सवयीने अठराने गुणलं, कारण पुण्याचे डॉक्टर वेगळ्या मापात सांगतात आणि त्याला अजून तेच माप समजतं. सत्तावन्न, अठ्ठावन्न. कमी, पण सावरेल.

"थ्री पॉइंट टू," नयनाने माइकवर जाहीर केलं, अगदी गुण सांगावेत तसं.

मांडवातून एक बारीक, ठणठणीत आवाज आला. "सबआ!"

चांदणीवाली मुलगी सतरंजीवर उभी राहिली होती. दंड पुढे करून ती पुन्हा ओरडली, "अना सबआ!" मी सात. तिच्या आईने तिला खाली ओढायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

"तमान्या!" सुदानी भावांतला थोरला आपला आठचा आकडा ओरडला, आणि धाकट्याला फोन सापडेना म्हणून तो रडकुंडीला आला. "सिक्स पॉइंट फोर!" "नाइन!" एक मल्याळी मुलगा छाती फुगवून "फोर्टीन!" म्हणाला तशी त्याच्या आईने कपाळावर हात मारला आणि तू सकाळी काय खाल्लंस म्हणून त्याचा कान धरला. लोक हसले. नयना एकेक आकडा माइकवर म्हणत गेली. ज्यांना त्या आकड्यांचा अर्थ माहीत नव्हता तेही टाळ्या वाजवत होते. उद्घाटनाच्या भाषणांना इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

समोरच्या संघाची कर्णधार शिरीषपाशी आली. शिस्तीची मुलगी दिसत होती. "सर, गेम थांबवला तुम्ही. फाउल कोणाचा?"

शिरीष उठला. गुडघ्यांना चुना लागला होता. नियमांत असं कलम नव्हतं, पण उत्तर द्यायला त्याला वेळ लागला नाही.

"माझा," तो म्हणाला.

देविकाला पंधरा मिनिटं बाहेर बसणं भाग होतं. ती बाकावर गेली नाही. मांडवाखाली सतरंजीवर, चांदणीवालीच्या शेजारी जाऊन बसली, बाही तशीच वर. शिरीषने राखीव मुलीला आत घेतलं, हुसैनमियाँनी पुसलेली रेघ पुन्हा ओढली, आणि खेळ सुरू केला. शिट्टी फुंकता फुंकता एक डोळा मांडवाकडे जात होता. देविका हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि सहा-सात लहान डोकी तिच्याभोवती गोळा झाली होती. दोन मिनिटांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ झाला होता.

पाळी संपली तेव्हा मंडळातल्या एक काकू तरातरा त्याच्याकडे चालत येताना दिसल्या. अकरा वर्षं तो ज्याला भीत होता ते आता दहा पावलांवर होतं. नोकरी, स्थळं, "अरेरे", "आम्हाला कळू पण दिलं नाहीत"; काय काय उत्तरं द्यायची ते तो मनात जुळवायला लागला.

"शिरीषराव," काकू म्हणाल्या, "तुम्ही तो चुना तिकडे कडेला ओतून ठेवलाय ना, माझी अख्खी साडी पांढरी झाली बघा. जरा सांगायचं तरी."

"सॉरी," शिरीष म्हणाला. "चुकलंच."

"आणि पोरगी छान खेळते हो," असं म्हणून त्या साडी झटकत चहाकडे गेल्या. शिरीष तिथेच उभा राहिला. मग त्याला एकट्यालाच हसू यायला लागलं.

अजान व्हायच्या आत शेवटची पाळी संपली. देविकाचा संघ दोन गुणांनी हरला. शेवटची तीन मिनिटं ती पुन्हा आत उतरली होती, बाही गुंडाळून, आणि तिने दिलेला प्रत्येक खो रस्त्यापलीकडेही ऐकू गेला असेल. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, जिंकलेल्याही आणि हरलेल्याही. शिरीष खांबाला टेकून उभा होता. ऊन आता चांगलंच चढलं होतं आणि ओरडून त्याचा घसा कोरडा पडला होता.

"पाणी प्यायलं का?" माइकवरून नयनाचा आवाज आला.

शिरीषची नजर झटकन देविकाकडे गेली. ओठ, कपाळ, हात. सगळं ठीक दिसत होतं. तो तिच्याकडे निघालाही.

देविका त्याच्याकडे बघून हसत होती. "बाबा," ती ओरडली, "आई तुला विचारतेय. पाणी! पाणी!"

हुसैनमियाँनी टेबलावरून एक बाटली उचलून त्याच्या हातात दिली. शिरीषने ती उलटसुलट करून पाहिली, झाकण काढलं, सवयीने एकदा हुंगली. मग तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. साधं पाणी होतं.